माहिती आयोगात दुसरं अपील: पहिल्या अर्जापासून आदेश पदरात पडेपर्यंत

‘आपण मागितलेल्या माहितीचा बोध होत नाही, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ माहिती अधिकारात एकदा तरी अर्ज केलेल्या माणसाला हे वाक्य पाठ असतं. ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’, ‘माहिती प्रश्नार्थक आहे’ आणि नुसतंच ‘निरंक’ (म्हणजे काहीच नाही) ही त्याचीच सख्खी भावंडं. असं पत्र आलं की निम्मे लोक कंटाळून विषय सोडतात. उरलेल्यांपैकी बरेच जण ‘आता थेट आयोगातच जातो’ म्हणत चार पानी तक्रार लिहून मुंबईला पाठवतात आणि पुढे ती तक्रार कुठे गेली याचा त्यांना पत्ता लागत नाही.

पहिल्यांदाच या वाटेला निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे. माहिती आयोग मदत करू शकतो, त्याच्या हातात अधिकारही बऱ्यापैकी आहेत. पण तिथे सगळं ठरतं ते कागदावरून, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे तुमचा अगदी पहिला अर्ज. तो ढिला असेल तर पुढे कितीही जोरात भांडलात तरी फारसा उपयोग होत नाही. म्हणून दुसऱ्या अपिलाची तयारी पहिल्या अर्जापासून सांगतो. क्रम असा: अर्ज कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, आणि दुसरं अपील माहिती आयोगाकडे.

आयोग म्हणजे नेमकं कोण

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून, तेव्हाचं जम्मू-काश्मीर वगळता, देशभर पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्रात त्याआधी राज्याचा स्वतःचा २००२ चा कायदा होता, अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमागून आलेला. गोव्याचा तर त्याहून जुना, १९९७ चा. या राज्य कायद्यांच्या तुलनेत २००५ च्या कायद्याने आणलेली मोठी गोष्ट म्हणजे सरकारच्या रोजच्या हुकुमाबाहेर असलेले माहिती आयोग: केंद्रासाठी एक आणि प्रत्येक राज्यासाठी एक.

राज्य आयोगात एक राज्य मुख्य माहिती आयुक्त आणि जास्तीत जास्त दहा राज्य माहिती आयुक्त असू शकतात. नेमणूक राज्यपाल करतात, मुख्यमंत्री, विधानसभेतले विरोधी पक्षनेते आणि मुख्यमंत्र्यांनी नेमलेला एक कॅबिनेट मंत्री अशा तिघांच्या समितीच्या शिफारशीवरून. म्हणजे तिघांत दोन सरकारचे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. गैरवर्तन किंवा असमर्थता या कारणांवरून आयुक्ताला काढायचं तर राज्यपालांना आधी प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे चौकशीला पाठवावं लागतं. आयोगाने दुसऱ्या कोणत्याही प्राधिकाऱ्याच्या आदेशाखाली न राहता स्वायत्तपणे काम करायचं, असं कलम १५ सांगतं.

२०१९ च्या दुरुस्तीने मात्र आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. आधी कायद्यातच पाच वर्षांची मुदत होती, नंतरच्या नियमांनी ती तीन वर्षांवर आणली. माझ्या मते स्वायत्ततेला त्यामुळे कात्री लागलीच. आणखी एक दुखणं म्हणजे कायद्यात विधी, विज्ञान, समाजसेवा, पत्रकारिता अशा क्षेत्रांतल्या नामवंतांची यादी असताना खुर्चीवर बहुतेक वेळा निवृत्त सनदी अधिकारीच दिसतात. याचा तुमच्या अपिलाशी संबंध एवढाच की समोरचा माणूस सरकारी टिपणी वाचण्यात मुरलेला असणार. त्याला भाषण नको असतं. पान क्रमांक सांगा.

आधी बघा, आयोग कोणता

सुरुवात करणाऱ्यांची इथेच गफलत होते. रेल्वे, पोस्ट, पासपोर्ट, प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी, राष्ट्रीयीकृत बँका ही केंद्राची खाती, त्यामुळे त्यांचं दुसरं अपील दिल्लीतल्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं, कार्यालय तुमच्या गल्लीत असलं तरी. तहसील, जिल्हा परिषद, महापालिका, पोलीस ठाणं, राज्याचं विद्यापीठ यांचं अपील राज्य माहिती आयोगाकडे. बेळगावच्या राज्य सरकारी कार्यालयाचं प्रकरण कर्नाटक आयोगाकडे, म्हापशाचं पणजीच्या गोवा आयोगाकडे.

महाराष्ट्र आयोगाचं मुख्यालय मुंबईत मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासन भवनात आहे आणि बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशी खंडपीठं आहेत. कोणत्या खंडपीठाकडे जायचं हे माहिती ज्या कार्यालयाकडे मागितली त्याच्या जिल्ह्यावरून ठरतं, तुमच्या राहत्या पत्त्यावरून नाही. तुम्ही पुण्यात राहता आणि माहिती राजापूरच्या तहसीलची हवी आहे, तर खंडपीठ कोकण.

हाउसिंग सोसायटीचं हिशेबपुस्तक हवंय म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीलाच माहिती अधिकाराचा अर्ज देणारे कितीतरी लोक भेटतात. सहकारी संस्था सरसकट या कायद्याखाली येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळच्या एका प्रकरणात सांगितलंय. पण सहकार कायद्यानुसार जी कागदपत्रं सहकार खात्याचे उपनिबंधक संस्थेकडून मागवू शकतात, ती उपनिबंधक कार्यालयाकडे अर्ज करून मागता येतात. दार बंद नाही, बाजूचं आहे.

आणि परदेशात असाल तर: हा हक्क भारतीय नागरिकाचा आहे, राहण्याच्या ठिकाणाचा नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याला अर्ज करता येतो. केंद्राच्या खात्यांसाठी पोस्टाची ई-पोस्टल ऑर्डर ऑनलाइन काढता येते.

अर्ज: आयुक्त वाचणार आहेत असं समजून लिहा

महाराष्ट्रातला अर्ज ‘जोडपत्र अ’ या ठरलेल्या नमुन्यात करायचा. फी १० रुपये. कोर्ट फी स्टँप लावणं सगळ्यात सोपं, रोख भरून पावती घेतलीत तरी चालतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. २०१२ च्या नियमदुरुस्तीनंतर एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवायचा आहे. दोन विषय घातलेत तर पहिल्याचं उत्तर देऊन ‘बाकीच्यासाठी वेगळा अर्ज करा’ म्हणायची मुभा अधिकाऱ्याला आहे. मंत्रालयातले विभाग आणि अनेक जिल्हा कार्यालयांसाठी राज्याचं आरटीआय ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे नोंदणी क्रमांक लगेच मिळतो. तालुक्याच्या आणि गावच्या कामांना मात्र कागदच बरा.

आता मजकूर. समजा गावातला काँक्रीट रस्ता वर्षाच्या आत उखडलाय. बहुतेकांचा अर्ज असा असतो: ‘सदर रस्ता निकृष्ट का झाला? यास जबाबदार कोण? संबंधितांवर काय कारवाई करणार?’ हा अर्ज तिथेच मेला. कायद्यात ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाच्या दप्तरी असलेलं साहित्य: नस्ती (म्हणजे फाइल), टिपणी, आदेश, नोंदवही, अहवाल, नमुने, संगणकातली नोंद. ‘का’ याचं उत्तर कुठल्या कागदावर लिहिलेलं नसेल तर अधिकाऱ्याने ते नव्याने तयार करून द्यायचं नसतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये हेच सांगितलं आणि ‘माहिती प्रश्नार्थक आहे’ या उत्तराला तेव्हापासून भक्कम आधार मिळाला.

तोच अर्ज असा लिहा:

‘मौजे अमुक येथील मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा या रस्त्याच्या काँक्रिटीकरणाच्या कामाबाबत (सन २०२४-२५) पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. १) तांत्रिक मान्यता व मंजूर अंदाजपत्रक. २) कार्यारंभ आदेश. ३) मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदींची सर्व पाने. ४) ठेकेदारास अदा केलेल्या देयकांच्या प्रती. ५) गुणनियंत्रण चाचणीचे अहवाल. ६) दोषदायित्व कालावधी नमूद असलेले करारनाम्याचे पान.’

यात एकही प्रश्नचिन्ह नाही. पण हे सहा कागद हातात आले की ‘का’ आणि ‘कोण’ या दोन्हींची उत्तरं आपोआप मिळतात. मोजमाप पुस्तिका, म्हणजे बांधकाम खात्याच्या भाषेत ‘एमबी’, हा सगळ्यात बोलका कागद. कामाची लांबी, रुंदी, जाडी, मोजल्याची तारीख आणि मोजणाऱ्या अभियंत्याची सही तिथे असते. टेप घेऊन रस्त्यावर उभं राहायचं आणि पुस्तिकेतले आकडे ताडून बघायचे. दोषदायित्व कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करून घ्यायची असते, हेही त्याच नस्तीत सापडतं.

‘सन २०१५ पासून आजपर्यंत सर्व कामांची संपूर्ण माहिती’ असली मागणी करू नका. ती ‘विस्तृत स्वरूपाची’ म्हणून परत येणार. खरं तर कलम ७(९) एवढंच म्हणतं की मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना यंत्रणेवर अवाजवी ताण येत असेल तर ती दुसऱ्या स्वरूपात द्यावी. नाकारण्याची सूट त्यात नाही, आणि अपिलात हा मुद्दा चालतोही. पण जो वाद टाळता येतो तो अंगावर का घ्यायचा?

नेमकं काय मागायचं हेच कळत नसेल तर आधी अभिलेख पाहणी, म्हणजे कार्यालयात जाऊन कागद बघणं, मागा. पहिला तास मोफत, पुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. पाहणीला जाताना पेन्सिल न्या. महाराष्ट्राच्या नियमात पाहणी करणाऱ्याला फक्त पेन्सिल जवळ ठेवता येते, पेन काउंटरवर ठेवून घेतात. नस्ती चाळत जायची, हव्या त्या पानांचे क्रमांक टिपायचे आणि तेवढ्याच प्रती मागायच्या, पानाला २ रुपये दराने. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता यायला हवेत. ही पद्धत पुणे महापालिकेत सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. काही ठिकाणी ती नीट चालते, काही ठिकाणी शिपायालाही माहीत नसते. शासन निर्णयाची प्रत खिशात असू द्या.

अर्ज का करताय हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. आणि पोच. आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक असलेली पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि ‘वितरित’ झाल्याचा ट्रॅकिंगचा कागद आठवडाभरात छापून ठेवा, ती नोंद पोस्टाच्या संकेतस्थळावर कायम राहत नाही.

तारखांचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. ५ जानेवारी २०२६ ला कार्यालयाला अर्ज मिळाला. ३० दिवस ४ फेब्रुवारीला संपले. तोवर उत्तर नाही म्हणजे कायद्याने नकार दिल्यातच जमा. तिथून ३० दिवसांत, म्हणजे ६ मार्चपर्यंत, पहिलं अपील. तुम्ही ते १० फेब्रुवारीला दिलंत. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे ३० दिवस, १२ मार्चपर्यंत. कारण लेखी नोंदवून त्याला ४५ दिवसांपर्यंत, म्हणजे २७ मार्चपर्यंत, जाता येतं. निर्णय आला तर तो मिळाल्यापासून आणि नाहीच आला तर यायला हवा होता त्या तारखेपासून ९० दिवसांत दुसरं अपील. १२ मार्च धरली तर १० जून. सुरक्षित राहायचं तर हीच तारीख धरा, ४५ दिवसांवर विसंबू नका.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. अर्ज परत करणं नियमात बसत नाही. शुल्क भरण्याचं पत्र आलं तर ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मधून वगळतात. म्हणून ते पत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पैसे भरा. आणि मुदत उलटून गेल्यावर माहिती द्यायची झाली तर ती मोफत द्यावी लागते, कलम ७(६). तीस दिवसांनंतर शुल्काची मागणी करणाऱ्या पत्राला हे कलम दाखवून उत्तर द्या.

पहिलं अपील टाळू नका

‘त्याच कार्यालयातल्या साहेबाकडे अपील करून काय होणार?’ हा प्रश्न रास्त आहे. बऱ्याचदा काहीच होत नाही. तरी ते करायचंच, कारण ते केल्याशिवाय दुसऱ्या अपिलाचं दार उघडत नाही. जोडपत्र ब, २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, अर्जाची आणि उत्तराची प्रत जोडा. मुद्दे क्रमाने लिहा: मुद्दा १ ची माहिती मिळाली, मुद्दा ३ ची अपूर्ण, पान अमुक ते अमुक नाहीत, मुद्दा ५ ला ‘निरंक’ लिहिलं आहे पण करारनाम्यानुसार चाचणी बंधनकारक आहे. सुनावणीला शक्यतो जाच. तिथे ‘देतो’ म्हणाले तर ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. अधिकारी तोंडाने फार उदार असतात.

एक तांत्रिक पण उपयोगी गोष्ट: कलम २० चा दंड फक्त जन माहिती अधिकाऱ्याला होतो. प्रथम अपिलीय अधिकारी सहा महिने झोपला तरी या कलमाखाली त्याला हात लागत नाही. त्याच्या खात्याला कळवणं एवढंच आयोग करू शकतो. त्यामुळे त्याच्यावर पानंच्या पानं राग काढण्यात अर्थ नाही.

कलम १८ की कलम १९

हा फरक नीट समजून घ्या, कारण चुकलात तर त्याचं मोल वर्ष-दोन वर्षांत मोजावं लागतं. आयोगाकडे जायचे दोन रस्ते आहेत. कलम १९(३) खालचं दुसरं अपील आणि कलम १८ खालची तक्रार. तक्रारीला पहिल्या अपिलाची अट नाही, म्हणून ती सोपी वाटते आणि लोक तिकडे वळतात. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की कलम १८ च्या तक्रारीत आयोग अधिकाऱ्याला दंड करू शकतो, माहिती द्यायला सांगू शकत नाही. कागद हवा असेल तर रस्ता अपिलाचाच.

मग तक्रार कधी? कार्यालयात माहिती अधिकारीच नेमलेला नाही, अर्ज घ्यायलाच नकार दिला, अवाजवी शुल्क मागितलं, जाणूनबुजून खोटी माहिती दिली, अशा वेळी. अधिकाऱ्याला धडा शिकवायचाय आणि माहितीही हवी आहे, तर अपील करा आणि त्यातच दंडाची मागणी घाला. कलम १९(८) मध्ये तेही बसतं.

जोडपत्र क भरताना

हा दुसऱ्या अपिलाचा नमुना. फी पुन्हा २० रुपये, कोर्ट फी स्टँप. नमुना आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. खरं महत्त्व पुढच्या गठ्ठ्याला. वरती एक पानी तारखांचा तक्ता ठेवा: अर्ज, उत्तर, पहिलं अपील, त्यावरचा आदेश, आणि प्रत्येकापुढे पान क्रमांक. मग त्याच क्रमाने कागद, प्रत्येकावर ‘सत्यप्रत’ लिहून सही. सगळ्या पानांना सलग क्रमांक द्या. याचा एक संच जन माहिती अधिकाऱ्याला आणि एक प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला पाठवा आणि त्याची पोच आयोगाच्या संचाला जोडा. तयारीत आलेलं अपील दिसलं की कधीकधी कार्यालय सुनावणीआधीच माहिती पाठवून मोकळं होतं.

अपिलाची कारणं लिहिताना कलम १९(५) विसरू नका: नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्याची आहे, तुमची नाही. ‘माहिती नाकारताना कलम ८ चे कोणते पोटकलम लागू होते हे उत्तरात नमूद केलेले नाही’ हे एक वाक्य पुष्कळ काम करतं. कोणती माहिती नाकारता येते याची यादी कलम ८ मध्ये आहे.

सध्या नकारासाठी सगळ्यात जास्त ओढलं जाणारं हत्यार म्हणजे कलम ८(१)(ञ), व्यक्तिगत माहितीचं. पूर्वी त्यात सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, संसदेला किंवा विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकाला नाकारता येणार नाही, अशा कसोट्या होत्या. व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने ते कलम आखूड केलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. आता ‘व्यक्तिगत माहिती’ एवढं म्हटलं की झालं, असं अनेक कार्यालयांना वाटतं. तसं नाही. कलम ८(२) अजून शाबूत आहे: होणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. लाभार्थी यादी, हजेरीपट, बिलं मागताना सार्वजनिक हित काय हे अपिलात दोन-तीन वाक्यांत ठोस मांडा. आणि कलम १० चा आग्रह धरा: आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल झाकून उरलेला कागद द्या.

प्रार्थनेत, म्हणजे शेवटच्या मागणीत, नेमकं लिहा. मुद्दा अमुक ते अमुकची माहिती विनामूल्य मिळावी. कलम २०(१) प्रमाणे दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती लावावी. खरोखर पैशांचं नुकसान झालं असेल तर कलम १९(८)(ख) खाली भरपाई, खर्चाच्या पावत्यांसह. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, अर्जदाराला मिळते ती भरपाई. ‘संबंधितांना निलंबित करावे’ हे आयोगाच्या हातात नाही, ते लिहून अपील पातळ करू नका. शिस्तभंगाच्या कारवाईची शिफारस तेवढी मागता येते.

वाट बघण्याचा काळ

दुसरं अपील किती दिवसांत निकाली काढायचं, याला कायद्यात मुदत नाही. ही मोठी फट आहे. महाराष्ट्र आयोगाकडे थकलेल्या प्रकरणांची संख्या २०२४ च्या सुमारास एक लाखाच्या पुढे होती. आयुक्तांची पदं वेळेवर भरा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये बजावूनही रिकाम्या खुर्च्यांची रड संपलेली नाही. तेव्हा तारीख लागायला वर्षही जाऊ शकतं, त्याहून जास्तही.

तोवर हात बांधून बसू नका. अपील क्रमांक मिळवा आणि जपून ठेवा. पत्ता किंवा मोबाइल बदलला तर खंडपीठाला कळवा, नाहीतर नोटीस जुन्या घरी जाते आणि अपील तुमच्या गैरहजेरीत निकाली निघतं. दरम्यान तोच विषय आणखी नेमका करून नवा अर्ज देऊन बघा, त्याला कसलीही मनाई नाही. कलम ४ खाली कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या सतरा बाबींत तुमचा कागद कुठे बसतो का, हेही पाहा. पण वैतागून एकाच कार्यालयावर अर्जांचा मारा करू नका. ‘सवयीचा अर्जदार’ हा शिक्का एकदा बसला की चांगल्या अर्जाकडेही संशयाने बघितलं जातं.

सुनावणी

नोटीस येते. अनेक सुनावण्या आता व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने होतात. स्वतः जा, प्रतिनिधी पाठवा, किंवा लेखी म्हणणं द्या, हजर राहायची सक्ती नाही. मी म्हणेन, जा. वकील लागत नाही. वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळते, कधी त्याहूनही कमी. पहिलं वाक्य तयार ठेवा: ‘सहा मुद्द्यांपैकी १, २ आणि ४ ची माहिती मिळाली. ३, ५ आणि ६ बाकी आहे. पान ११ पाहावे.’

सुनावणीच्या दारात हमखास घडणारा एक प्रकार सांगून ठेवतो. माहिती अधिकारी किंवा त्याचा क्लार्क हसतमुखाने पुढे येतो, हातात जाड पाकीट देतो आणि म्हणतो, ‘भाऊ, सगळं आणलंय, जरा इथे सही करा.’ कागदावर आधीच लिहिलेलं असतं: ‘माहिती मिळाली, समाधान झाले, तक्रार नाही.’ पाकीट घ्या. सही करताना मात्र आपल्या हाताने लिहा: ‘अमुक पाने मिळाली. तपासून म्हणणे देईन.’ आत जाऊन आयुक्तांना तेच सांगा.

आणखी दोन ठरावीक वाक्यं तुमच्या कानावर पडतील. पहिलं: ‘मी तेव्हा या पदावर नव्हतो.’ दंड त्या काळात पदावर असलेल्या माणसाला लागतो, म्हणून ‘तत्कालीन जन माहिती अधिकाऱ्याचे नाव आणि सध्याचे ठिकाण नोंदीवर घ्यावे’ अशी विनंती करा. दंडापूर्वी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, आणि नावच नसेल तर कारणे दाखवा नोटीस जाणार कुणाला? दुसरं वाक्य: ‘अभिलेख आढळून येत नाही.’ यावर शोध कुठे, कुणी, कधी घेतला याचं प्रतिज्ञापत्र मागा आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ खाली जबाबदारी निश्चित करण्याची मागणी नोंदवा. प्रतिज्ञापत्राचा विषय निघाला की हरवलेल्या काही नस्त्या पुढच्या पंधरवड्यात सापडतात, हा अनेकांचा अनुभव आहे.

तक्रारीच्या चौकशीत आयोगाला साक्षीला बोलावणं, शपथेवर पुरावा घेणं, कागदपत्रं हजर करायला लावणं असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कलम ८ किंवा ९ च्या आड लपवलेली नस्तीही आयोगापासून झाकता येत नाही. ‘आयोगाने मूळ नस्ती मागवून पाहावी’ ही विनंती म्हणूनच रास्त आहे, संकोचू नका.

आदेश आल्यावर

आदेश साधारण असा असतो: ‘जन माहिती अधिकारी यांनी अपीलार्थीस मुद्दा ३, ५ व ६ ची माहिती १५ दिवसांत विनामूल्य पुरवावी.’ आयोगाचा निर्णय बंधनकारक आहे. आदेशाची प्रत मिळाल्यावर एक साधं पत्र कार्यालयाला द्या, पोच घ्या आणि मुदत संपेपर्यंत थांबा. माहिती आली तर आदेशातल्या मुद्द्यांशी एकेक पान ताडून बघा. नाही आली, किंवा अर्धीच आली, तर त्याच खंडपीठाकडे आदेशाची पूर्तता न झाल्याचं पत्र पाठवा. अपील क्रमांक, आदेशाची तारीख, मुदत कधी संपली आणि काय बाकी आहे, चार ओळींत. सोबत आदेशाची प्रत. दंडाची कारणे दाखवा नोटीस निघालेली असेल तर अधिकाऱ्याने काय खुलासा दिला याची प्रत मागून घ्या आणि त्यावर तुमचं म्हणणं लेखी द्या, कारण बऱ्याच नोटिसा खुलासा ‘मान्य’ होऊन तिथेच संपतात.

अपील फेटाळलं गेलं तर? आपल्याच आदेशाचा फेरविचार करायची तरतूद आयोगासाठी या कायद्यात नाही, आणि दिवाणी न्यायालयात दावा लावता येत नाही, कलम २३ ने ते दार बंद केलंय. राहतं ते उच्च न्यायालय, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका. खर्च आणि वेळ दोन्ही लागतात. ती वाट धरण्याआधी आदेश पुन्हा एकदा शांतपणे वाचा. ‘मागणी मोघम असल्याने अपील फेटाळण्यात येते’ असं लिहिलं असेल तर १० रुपयांचा नवा, नेमका अर्ज हाच स्वस्त आणि लवकरचा उपाय आहे. कलम ८ चं पोटकलम चुकीचं लावलं असेल, किंवा तुमचं म्हणणं न ऐकताच निकाल दिला असेल, तर मात्र वकिलाला तो सलग क्रमांकांचा संच दाखवा.